अडखळत्या वाणीचे शब्द

भाषेच्या अध्यापकाला दुसऱ्यांच्या शब्दांतील चुका दाखवून देण्याची इतकी संवय जडलेली असते, कीं आपल्याच तोंडून चुकीचा शब्द गेला असेल ही शंका त्याला सहसा शिवत नाहीं. आम्हांला ती शिवावयास पंचवीस वर्षें लागलीं, आणि तीही आपण होऊन शिवली नाहीं. एका पत्रानें ती आमच्या पदरांत घातली. पत्र लिहिणारे गृहस्थ एके काळीं आमच्यापुढें तोंडी परीक्षेला बसले होते. आम्ही त्या वेळीं परीक्षक म्हणून दुसऱ्या एका कॉलेजांत गेलों होतों. पत्रांत राग नव्हता आणि गाऱ्हाणेंही नव्हतें. एवढेंच विचारलें होतें: ‘त्या दिवशीं आपण मला, “काय रे, बोबडी वळली वाटतं?” असें म्हणालांत. सर, माझी बोबडी वळली नव्हती. मी तोतरें बोलतों. मराठीच्या प्राध्यापकाला या दोहोंतला भेद ठाऊक असावयास नको काय?’

पत्र वाचतांच तो प्रसंग आम्हांला स्पष्ट आठवला, आणि तो इतका स्पष्ट आठवावा याचेंच प्रथम नवल वाटलें. आम्हीं त्या विद्यार्थ्यास पहिला प्रश्न सर्वांना विचारतात तोच विचारला होता: नांव काय? तो उभा राहिला, त्याचे ओंठ मिटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि शब्द बाहेर येईना. दाराशीं आपल्या पाळीची वाट पाहणारी मुलें होतीं. आमच्या त्या वाक्यावर तीं हंसलीं. पुढें आम्हीं ‘विशाखा’ हा काव्यसंग्रह कोणाचा, असें विचारलें. पुन्हां बराच वेळ गेला, आणि मग त्यानें एकदम ‘वि. वा. शिरवाडकर’ असें उत्तर दिलें. आम्हीं शहाणपणानें त्याला सांगितलें, कीं कवितेच्या पुस्तकावर नांव ‘कुसुमाग्रज’ असें आहे व काव्यासंबंधीं बोलतांना तेंच घेतलें पाहिजे. आणि हें बारकें ज्ञान त्याला नाहीं असें मनाशीं ठरवून गुण कापले. आज त्या पत्रावरून कळतें, कीं तें ज्ञान त्याला पुरेपूर होतें. ‘क’ हें अक्षर त्याच्या जिभेवर अडून बसलें होतें, म्हणून त्यानें वळसा घालून दुसऱ्या वाटेनें त्याच कवीचें घर गांठलें होतें.

पत्राचें उत्तर लिहिण्यापूर्वीं आम्हीं कपाटांतील कोश खालीं काढले. मोल्सवर्थसाहेबांचा कोश १८३१ सालीं प्रथम निघाला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति झाली. त्यानंतर दाते-कर्वे प्रभृतींनीं आमच्या या पुणें शहरांतच १९३२ ते १९३८ या काळांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग सिद्ध केले. या दोन्ही कोशांच्या कर्त्यांविषयीं आमच्या मनांत नितांत आदर आहे. परंतु कोश शब्दाचा अर्थ सांगतो; तो शब्द कोणीं, कोणाला, कोणाच्या देखत म्हणावा हें कोशांतून कळत नाहीं. तें वापरावरूनच पाहावें लागतें. म्हणून अडखळत्या वाणीसाठीं मराठींत जे शब्द रूढ आहेत, त्यांचा वापर आम्ही येथें थोडा तपासून पाहणार आहों. वाचकांच्या घरींही हे शब्द रोज उच्चारले जात असतील, तेव्हां हा विषय केवळ पंडितांचा आहे असें त्यांनीं समजूं नये.

प्रथम ‘बोबडा’ हा शब्द घेऊं. लहान मूल ‘काका’ म्हणावयाचें तें ‘ताता’ म्हणतें, ‘रस्ता’ म्हणावयाचें तें ‘लस्ता’ म्हणतें. येथें वाणीचा ओघ कोठेंही तुटलेला नसतो. मूल भरभर बोलत असतें. फक्त एका वर्णाच्या जागीं दुसरा वर्ण येतो, कारण जिभेला अजून सर्व स्थानें सांपडलेलीं नसतात. ‘र’कार तर पुष्कळ मुलांच्या तोंडीं फार उशिरां बसतो. या बोलण्यास मराठी माणसानें ‘बोबडे बोल’ असें नांव दिलें आणि त्यांत सगळें कौतुक ओतलें. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायांत ज्ञानदेव श्रोत्यांना विनवितात तेव्हां हाच दाखला देतात: अपत्य बोबडें बोललें तरी आईबापांना त्याचा अधिकच संतोष होतो. शके १२१२ मधील हा ग्रंथ. म्हणजे निदान सातशें वर्षें तरी मराठींत हा शब्द मायेच्या घरीं वाढला आहे. पुढच्या संतांनींही देवापुढें आपलें बोलणें बोबडें म्हणवून घेण्यांत धन्यता मानली. तेव्हां ‘बोबडा’ या शब्दांत दोष सांगितलेला असला तरी त्या दोषाला क्षमा आधींच मिळालेली असते, आणि तो वयाबरोबर जाणार अशी खात्रीही असते.

‘बोबडी’ हें नाम याच घरचें, पण त्याचा संसार अगदीं निराळा. बोबडी ही नेहमीं ‘वळते’. जशी थंडीनें मूठ वळते, तशी भयानें जीभ वळली असें चित्र या प्रयोगांत डोळ्यांपुढें उभें राहतें. अंधारांत कोणी समोर ठाकला, चोरी उघडकीस आली, साहेबांनीं अचानक जाब विचारला, म्हणजे माणसाची बोबडी वळते. ‘दातखीळ बसणें’, ‘वाचा बसणें’, ‘ततपप करणें’ हे तिचे शेजारी. या सर्वांत दोन गोष्टी गृहीत आहेत: एक, कारण बाहेरचें आहे, व तें बहुधा भय आहे, दुसरी, कारण सरतांच वाणी पूर्ववत् होणार आहे. याशिवाय तिसरीही एक गोष्ट न बोलतां सुचविली जाते. ज्याची बोबडी वळली त्याच्या पोटांत कांहीं तरी काळेंबेरें आहे, निदान त्याची तयारी नाहीं, असा ध्वनि त्या वाक्प्रचारांत आहे. आम्हीं त्या परीक्षेंत विद्यार्थ्यावर जो आरोप केला तो हा. आमच्या मनांत त्याचें वाईट करावें असें नव्हतें. पण शब्दानें आमच्या वतीनें निकाल देऊन टाकला होता.

आतां ‘तोतरा’. या शब्दाचा नादच बोलका आहे. जीभ ‘त’वर एकदां आपटते, पुन्हां आपटते, आणि मग पुढें सरकते. येथें वर्ण बदलत नाहींत, ओघ तुटतो. कधीं पहिलें अक्षर दोनतीनदां येतें, कधीं तें लांबतें, आणि कधीं तोंड शब्दाच्या आकारांत येऊनही आवाज मुळीं निघत नाहीं. कादंबरीकार व नाटककार ‘म-म-मी’ असें आडव्या रेघा घालून जें तोतरेपण छापतात, तें यांतलें केवळ पहिलें रूप होय. तिसरें रूप छापतांच येत नाहीं, कारण तें कागदावर कोरें दिसतें. आणि बोलणाऱ्यास सर्वांत अधिक छळणारें तेंच असतें. शास्त्रज्ञ आज सांगतात, कीं शंभरांतील सुमारें पांच मुलांना बालपणीं केव्हां तरी असें अडखळण्याचा अनुभव येतो; त्याची सुरुवात बहुधा दोन ते पांच वर्षांच्या दरम्यान होते; पुष्कळांचें तें आपोआप जातें, आणि मोठेपणीं शंभरांत सुमारें एकाच्या वांट्यास तें कायमचें राहतें. मोठ्या वयांत बायकांपेक्षां पुरुषांत तें अधिक आढळतें. तें पुष्कळदां एकाच घराण्यांत दिसून येतें. मेंदूंत बोलण्याची जी जुळणी चालते तिच्याशीं त्याचा संबंध आहे. बुद्धीशीं नाहीं, धैर्याशीं नाहीं, आणि दुसऱ्याची नक्कल करून तें लागत नाहीं. भीतीनें व घाईनें तें वाढूं शकतें हें खरें, परंतु भीति हें त्याचें मूळ नव्हे.

याच तोतरेपणाची आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनीं स्वतः पाहिली असेल. गणपतीच्या दिवसांत आरती चालली असतां जो मुलगा खड्या आवाजांत सर्वांच्या पुढें असतो, तोच आरती संपल्यावर पाहुण्यांनीं नांव विचारतांच गप्प होतो. आई म्हणते, ‘गातांना बरं तोंड उघडतं!’ पण यांत लबाडी नाहीं. गातांना किंवा चारचौघांबरोबर एका सुरांत म्हणतांना तोतरेपण बहुधा नाहींसें होतें हें सर्वमान्य आहे. आणि स्वतःचें नांव सर्वांत कठीण जातें, कारण दुसऱ्या प्रत्येक शब्दाला पर्याय शोधतां येतो, नांवाला पर्याय नसतो. अशीं माणसें पर्यायी शब्दांचा केवढा सांठा बाळगून असतात याची कल्पना आम्हां भाषापंडितांना नाहीं. ज्या विद्यार्थ्यास आम्हीं शब्दज्ञान कमी म्हणून गुण कमी दिले, त्याला कुसुमाग्रजांपासून शिरवाडकरांपर्यंतची वाट क्षणांत शोधावी लागली होती.

हिंदीच्या शेजारानें या दोन शब्दांत आणखी एक घोटाळा होण्याचा संभव आहे, तोही येथें नोंदवून ठेवतों. हिंदींत ‘तुतलाना’ म्हणजे आपलें बोबडें बोलणें, आणि आपल्या तोतरें बोलण्याला तेथें ‘हकलाना’ म्हणतात. ‘तुतला’ आणि ‘तोतरा’ हे कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण अर्थानें वेगळ्या घरीं नांदतात. भाषांतरकारांनीं येथें सावध असावें. इंग्लंडचा सहावा जॉर्ज हा राजा तोतरें बोलत असे. लायोनेल लोग नांवाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाच्या साह्यानें त्यानें आपल्या वाणीवर मेहनत घेतली, आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजीं युद्ध पुकारलें गेलें तेव्हां नभोवाणीवरून प्रजेला उद्देशून भाषण केलें. त्यावर २०१० सालीं ‘द किंग्ज स्पीच’ हा चित्रपट निघाला. त्यासंबंधीं मराठींत लिहिलेल्या एकदोन मजकुरांत त्या राजाला ‘बोबडा’ म्हटलेलें आम्हीं वाचलें आहे. प्रौढ राजा लहान मुलासारखा ‘लस्ता’ म्हणत होता, अशी वाचकाची समजूत व्हावी यापलीकडे त्या शब्दानें कांहीं साधत नाहीं.

‘चाचरणें’ व ‘अडखळणें’ हीं क्रियापदें यांहून निराळीं. चाचरतो तो मनांत. काय सांगावें, किती सांगावें, सांगावें कीं नाहीं, याचा निश्चय न झाल्यानें वाणी मागें-पुढें होते. खोटी साक्ष देणारा चाचरतो आणि पैसे उसने मागणारा सज्जनही चाचरतो. अडखळणें हें मूळचें पायाचें. वाटेंत धोंडा आला, पाय अडखळला. तसा वाटेंत शब्द आला, जीभ अडखळली. यामुळें या शब्दांत माणसावर ठपका नाहीं, वाटेला दोष आहे, आणि म्हणूनच सर्व शब्दांत तो आम्हांला अधिक निर्मळ वाटतो. संस्कृतांत ‘स्खलन’ हेंही असेंच पायाचें आणि वाणीचें आहे. गंमत अशी, कीं ओघवत्या भाषणाला आपण ‘अस्खलित’ हें जें मानाचें विशेषण लावतों, तें मुळांत नकारार्थी आहे. न अडखळणारी ती अस्खलित वाणी; म्हणजे अडखळणें हा माणसाच्या बोलण्याचा स्वाभाविक धर्म, आणि तो कांहीं काळ टळला तर कौतुक, असेंच त्या शब्दाची घडण सांगते. ज्या शहरांत १८७४ पासून निबंधमाला निघाली, १८७५ पासून वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू झाली, आणि ज्यानें अस्खलित वक्तृत्वाला जवळजवळ चारित्र्याचें स्थान दिलें, त्या पुण्यानें या ‘अ’कडे जरा लक्ष द्यावयास हवें होतें.

आतां या सर्व शब्दांत जो सर्वांत प्रतिष्ठित, त्या ‘गद्गद’ शब्दाकडे वळूं. कीर्तनांत बुवांचा कंठ दाटला, शब्द तुटूं लागले, कीं श्रोते माना डोलावतात. मुलीला सासरीं धाडतांना बापाचे शब्द अर्धवट राहिले तर सर्वांचे डोळे भरून येतात. गीतेच्या अकराव्या अध्यायांत विश्वरूप पाहून भ्यालेला अर्जुन कांपत, नमस्कार करीत, सगद्गद बोलतो असें संजय सांगतो. तेथें कारण तर उघड उघड भय हेंच आहे, पण अर्जुनाची बोबडी वळली असें म्हणण्याची कोणाची छाती नाहीं! भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ सात्त्विक भाव सांगितले त्यांत ‘स्वरभेद’ हा एक आहे, आणि त्याच्या कारणांत भय, हर्ष, क्रोध यांच्याबरोबर वार्धक्य, रोग व मद हींही गणलीं आहेत. परंतु खरें नवल पुढेंच आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत वातव्याधींचें वर्णन आहे. तेथें शब्द वाहणाऱ्या धमन्या कफयुक्त वायूनें अडल्या म्हणजे माणूस मूक, मिन्मिन किंवा गद्गद होतो असें म्हटलें आहे. मूक म्हणजे मुका, मिन्मिन म्हणजे आपण ज्याला गेंगाणा म्हणतों तो, आणि गद्गद म्हणजे ज्याचे शब्द तुटतात तो. वैद्याच्या घरीं जो रोगी, तोच शब्द कवीच्या घरीं भक्त झाला. वाणीचें तुटणें दोन्हींकडे तेंच. आम्हां ऐकणारांचे चेहरे मात्र दोन.

येथवर आल्यावर आमच्या शब्दसंपत्तीची मांडणी ध्यानांत येते. मूल अडलें तर माया, भक्त अडला तर आदर, भ्याला तो अडला तर संशय. आणि ज्याला यांतलें एकही कारण नाहीं, ज्याची जीभच मुळीं तशी आहे, त्याच्या वांट्याला हंसूं. कारणपरत्वें भेद करणारे इतके शब्द असणें ही मराठीची श्रीमंती आहे यांत आम्हांला संदेह नाहीं. एकाच सरसकट शब्दावर भागविणाऱ्या भाषेपेक्षां ती निश्चित समृद्ध आहे. परंतु श्रीमंताच्या घरांत चुकीची चावी लावली तर चुकीची खोली उघडते, तसा प्रकार येथें होतो. तोतऱ्या माणसाला आपण भयाच्या खोलींत कोंडतों आणि बाहेरून विचारतों, कीं तूं इतका कां भितोस?

दुसऱ्याची वाणी मोडकी ठरविण्याची खोड एकट्या मराठी माणसाचीच आहे असें मात्र नाहीं. ग्रीक लोक परक्यांच्या बोलण्यांत ‘बरबर’ एवढेंच ऐकत व त्यावरून त्यांना नांव ठेवीत. संस्कृतांतील ‘बर्बर’ हा त्याच जातीचा नादानुकारी शब्द. ‘म्लेच्छ्’ या धातूचा अर्थ धातुपाठांत अस्पष्ट बोलणें असाच दिला आहे. महाभाष्याच्या आरंभीं पतंजलि जुनी कथा सांगतात, कीं असुर ‘हे अरयः’ म्हणावयाच्या जागीं ‘हेलयः’ असें ओरडले आणि पराभूत झाले. वाचकांनीं नीट पाहावें: ‘र’च्या ठिकाणीं ‘ल’ म्हणणें एवढाच असुरांचा अपराध. ‘लस्ता’ म्हणणाऱ्या बाळाला जो उच्चार गोड म्हणून पापा मिळवून देतो, तोच शत्रूच्या तोंडीं त्याच्या नाशाचें कारण ठरतो! आणि आम्ही पुणेकर तरी काय करतों? ‘पाणी’ न म्हणतां ‘पानी’ म्हणणारा विद्यार्थी खेड्यांतून आला, कीं त्याचें उत्तर ऐकण्यापूर्वीं आमचा कान त्याच्या ‘न’काराशीं अडतो. तो तोतरा नसतो, बोबडा नसतो, भ्यालेला तर मुळींच नसतो. पण वर्गांत दोनदां हंसें झाल्यावर तो चाचरूं लागतो, आणि तिसऱ्यांदा बोलेनासा होतो. मग आपण म्हणतों, हीं मुलें बोलतच नाहींत.

न बोलणें नेहमीं जिभेचें नसतें, ही गोष्ट ज्यानें मराठींत एका शब्दांत सांगितली त्याचें स्मरण येथें केलें पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईंत ‘मूकनायक’ हें पाक्षिक काढलें. ज्यांचा कैवार तें पत्र घेणार होतें त्या लोकांना जिभा होत्या, भाषाही होती. ऐकणारा कान तेवढा नव्हता. त्यांना ‘मूक’ म्हणतांना डॉक्टरांनीं बोलणाराचें नव्हे, तर न ऐकणाराचें व्यंग दाखविलें. पत्राच्या माथ्यावर त्यांनीं तुकोबांचें वचन घातलें, कीं मुक्याचा जगांत कोणी वाली नसतो आणि लाजून हित होत नाहीं. अडखळत्या वाणीविषयीं मराठींत याहून मोठी समीक्षा झालेली आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा, कीं भाषा ही लोकांची. लोक जर ‘बोबडा’ आणि ‘तोतरा’ एकाच अर्थानें वापरूं लागले, तर प्राध्यापकानें आडवें येण्याचें कारण काय? तत्त्व म्हणून हें आम्हांला मान्य आहे, आणि शब्दांचे अर्थ पालटतात हें आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों. पण अर्थ पालटणें आणि भेद पुसला जाणें यांत अंतर आहे. येथें भेद पुसला गेला तर नुकसान व्याकरणाचें होत नाहीं, माणसाचें होतें. बोबडेपण आपोआप जाईल म्हणून ज्या पालकांनीं वाट पाहिली, त्यांचें मूल जर तोतरें बोलत असेल, तर उपायाचीं मोलाचीं वर्षें फुकट जातात. उलट, साध्या बोबड्या मुलाला तोतरा ठरवून घरांत काळजी केली, तर मुलाला नसलेलें ओझें मिळतें.

दुसरा आक्षेप अगदीं उलट बाजूचा. हे सगळेच शब्द दुखविणारे आहेत, तेव्हां ते टाकून द्यावेत आणि नवे सौम्य शब्द घडवावेत, असें कांहीं सुहृद म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत वाचा व भाषा यांसंबंधींच्या दिव्यांगत्वाचा स्वतंत्र उल्लेख झाला, हें योग्यच झालें. कायद्याला असे शब्द लागतात. परंतु घरांत व वर्गांत कायद्याची भाषा चालत नाहीं, आणि नवा शब्दही तोंडांतले हेतु जुनेच असतील तर चार वर्षांत तितकाच बोचरा होतो. आमची सूचना साधी आहे व ती मराठीच्या व्याकरणांतूनच निघते. मराठींत विशेषण माणसाला लावतां येतें, तसें बोलण्यालाही लावतां येतें. ‘तो तोतरा आहे’ आणि ‘तो तोतरें बोलतो’ हीं दोन वाक्यें सारखीं नाहींत. पहिल्यांत माणूस संपूर्ण त्या शब्दांत मावून जातो. दुसऱ्यांत माणूस शिल्लक राहतो. आणि ‘तोतऱ्या’ असें ‘या’कारान्त रूप करून हांक मारली, कीं तो ‘लंगड्या’, ‘काण्या’, ‘बहिऱ्या’ यांच्या रांगेंत जाऊन बसतो व जन्मभर तेथून उठत नाहीं. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनीं ‘मी तोतरा आहें’ असें लिहिलें नव्हतें. ‘मी तोतरें बोलतों’ असें लिहिलें होतें. आमच्यापेक्षां त्यांचा मराठीचा अभ्यास येथें अधिक सूक्ष्म होता.

घरोघरच्या वाचकांसाठीं दोन शब्द लिहिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. आमच्या लहानपणीं मुलाची जीभ जड आहे असें वाटलें, कीं वेखंड उगाळून चाटवीत, कोणी अक्कलकारा सुचवी. आणि शाळेंत डेमॉस्थेनीझची कथा सांगत, कीं तो तोंडांत खडे धरून बोलण्याचा सराव करी व त्यानें थोर वक्ता झाला. या कथेनें किती मुलांना खडे चघळावयास लावलें असेल कोणास ठाऊक! आजचे वाचा-उपचारतज्ज्ञ सांगतात तें याहून सोपें आहे, पण मोठ्या माणसांना अवघड जाणारें आहे. मूल अडखळलें असतां ‘सावकाश बोल’, ‘नीट बोल’ असें टोकूं नये. त्याच्या तोंडांतला शब्द आपण पुरा करूं नये. त्याच्याकडे पाहत, घाई न दाखवितां, तें काय सांगतें तें ऐकावें, आणि आपण स्वतः जरा संथ बोलावें. अडखळणें कांहीं महिने टिकलें, अथवा मूल बोलण्याचें टाळूं लागलें, तर तज्ज्ञाकडे न्यावें. पाहुण्यांपुढें ‘काकांना नांव सांग’ हा जो परिपाठ आहे, तो अशा मुलापुरता तरी सोडून द्यावा.

आम्हीं त्या गृहस्थांना उत्तर लिहिलें. कापलेले गुण परत देणें आतां आमच्या हातीं नव्हतें, हेंही लिहिलें. त्यांचें दुसरें पत्र लौकरच आलें. गुणांचें त्यांना कांहीं वाटत नाहीं. त्या परीक्षेंत ते उत्तीर्णही झाले होते. परंतु दाराशीं हंसलेल्या मुलांपैकीं दोघे त्यांच्याच वर्गांतले होते, आणि पुढचीं दोन वर्षें ‘बोबडी’ हें त्यांचें टोपणनांव होतें, असें त्यांनीं कळविलें. हें आम्हांला ठाऊक नव्हतें. परीक्षक एक वाक्य बोलतो आणि संध्याकाळच्या गाडीनें घरीं जातो. वाक्य मात्र तेथेंच मुक्काम करून राहतें.

यंदाच्या तोंडी परीक्षांत आम्हीं पहिला प्रश्न बदलला आहे. नांव आम्ही समोरच्या यादींतून वाचतों आणि विद्यार्थ्याला फक्त मान हलवावयास सांगतों. कोणी अडला तर घड्याळाकडे पाहत नाहीं. मागच्या आठवड्यांत एका मुलीला एका उत्तरास बराच वेळ लागला. ती तोतरें बोलत होती, चाचरत होती, कीं नुसती आठवत होती, हें आम्हांला कळलें नाहीं, आणि तें ठरविण्याची घाईही आम्हीं केली नाहीं. उत्तर बरोबर होतें.